ग्वाल्हेरच्या उन्हाला दुहेरी काच की तिहेरी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या खिडक्या बदलताना पहिला प्रश्न चौकटीचा. ५-१२-५ ची (काच, मधली पोकळी, काच, मिमीमध्ये) दुहेरी काच २२ मिमी जाड भरते, वजन चौरस मीटरला २५ किलो. तिहेरी, ४-१२-४-१२-४, थेट ३६ मिमी आणि ३० किलो. साध्या सरकत्या ॲल्युमिनियम चौकटीत ती बसतच नाही. दारासारख्या उघडणाऱ्या खिडकीला बिजागऱ्याही दणकट लागतात.

तिसऱ्या काचेचा खरा फायदा बर्फाळ मुलुखात, जिथे खोलीची ऊब महिनोन्‌महिने आत ठेवायची असते. आपल्याकडे जानेवारीची थंडी कडक, पण थोड्या दिवसांची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा त्रास काचेतून थेट आत येणाऱ्या उन्हाचा. ते अडवतो ऊन परतवणारा लेप, आणि तो बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला हवा. लेप नसलेल्या तिहेरीपेक्षा लेपाची दुहेरी पश्चिमेच्या खिडकीला केव्हाही सरस. वर छज्जा असेल तर आणखी उत्तम!

रस्त्याच्या आवाजासाठी दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या घ्या, ६ आणि ४.

काचांमध्ये धुके दिसले तर कडेचे सील गेले समजा. पुसून उपयोग नाही, अख्खा संच बदलावा लागतो. सील जाण्याचे कारण बहुधा चौकटीची पाणी निघायची भोके बुजलेली असणे. तिहेरीत सीलही दुप्पट.