कडू बिअरची चव आणि तिच्या औषधीपणाचा हिशेब

पांढरकवड्याच्या बाजूला, नागपूर–हैदराबाद महामार्गालगतच्या एका बिअर शॉपीत ‘इंडिया पेल एल’ या प्रकारातील बिअर मिळू लागली आहे. बाटली ३३० मिलिलिटरची, अल्कोहोल ५ टक्के आणि लेबलवर कडवटपणाचा आकडा ४५. आपल्याकडे खपणाऱ्या नेहमीच्या लागर बिअरमध्ये हा आकडा बहुधा १० ते २० च्या आसपास असतो, त्यामुळे फरक पहिल्याच घोटात कळतो. दुकानदाराने बाटली काढून देतानाच बजावले होते, “कडू लागते भाऊ, हे इकडं कोनी नाही घेत.” किंमतही साध्या स्ट्राँगपेक्षा बरीच जास्त आहे, आणि किती चढते एवढेच पाहणाऱ्याला हा सौदा तोट्याचा वाटणार हे उघड आहे.

चवीसाठी घेणाऱ्याचे मत मात्र वेगळे होईल. ग्लासात ओतल्यावर रंग तांबूस दिसतो, फेस बराच वेळ टिकतो, आणि वरुड-मोर्शीकडचा संत्रा सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो, त्याच्या जवळ जाणारा वास येतो. बिअरमध्ये संत्र्याचा अंशही नाही. हा वास हॉप नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातील सुगंधी तेलांचा आहे. कडूपणा उशिरा येतो. घोट गिळल्यानंतर तो जिभेच्या मागच्या बाजूस रेंगाळतो, पण घसा धरत नाही. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या माणसाला या चवीची सवय लवकर व्हावी.

हॉपच्या मादी वेलीला जो फुलोरा येतो, त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन ही पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यातील आल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मात्र सातूच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, अर्क उकळत असताना त्यांची रचना बदलून आयसो-आल्फा आम्ले तयार होतात, आणि बिअरचा कडूपणा मुख्यतः त्यांचाच असतो. हॉप सुरुवातीला घातला तर कडूपणा जास्त उतरतो आणि सुगंध वाफेबरोबर निघून जातो. शेवटी घातला तर उलटे होते. या बाटलीतील तोल पाहता बनवणाऱ्याने दोन्ही वेळा हॉप घातला असावा. ही आम्ले बिअर नासवणाऱ्या कित्येक जिवाणूंना वाढू देत नाहीत, हा त्यांचा जुना आणि पक्का उपयोग आहे.

आता औषधीपणाकडे वळू, कारण ‘कडू आहे म्हणजे गुणकारी असणारच’ हे वाक्य या बाटलीबरोबर हमखास ऐकू येते. यात तथ्य अजिबात नाही असे नाही. जपानच्या किरिन कंपनीच्या संशोधकांनी मुरवलेल्या हॉपमधील कडू आम्ले रोज ३५ मिलिग्रॅम देऊन पोटावरची चरबी आणि स्मरणशक्ती यांवरील परिणाम तपासले, आणि काही प्रमाणात अनुकूल निष्कर्ष मांडले. लेबलवरील ४५ या आकड्याचा अर्थ ढोबळमानाने लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आयसो-आल्फा आम्ले असा होतो. म्हणजे एका बाटलीत सुमारे १५ मिलिग्रॅम. दोन बाटल्यांत काम जवळपास भागले, असे कोणी म्हणेल. पण चाचणीतील आम्ले मुरवून बदललेली होती, बिअरमधली नव्हती, आणि ती अल्कोहोलशिवाय दिली होती. दोन बाटल्यांबरोबर पोटात जाते सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल. झँथोह्युमॉल या हॉपमधील दुसऱ्या बहुचर्चित घटकाचा हिशेब तर आणखी फसतो. सर्वसाधारण बिअरमध्ये तो लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षाही कमी उरतो, हॉप जास्त असलेल्या बिअरमध्ये काहीसा अधिक. आणि माणसांवरील एका चाचणीत रोजची मात्रा २४ मिलिग्रॅम होती. साध्या बिअरमधून तेवढा मिळवायचा तर रोज १२० लिटरहून अधिक लागेल. झोपेसाठी हॉपचा वापर युरोपात परंपरेने होतो हेही खरे, परंतु तो अर्क किंवा चहा म्हणून. अल्कोहोलने डोळा लवकर लागला तरी उत्तररात्रीची झोप मोडते. आणि अल्कोहोल हे कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. तेव्हा ही बाटली आवडली तर चवीसाठी घ्यावी. काढा समजून घेऊ नये.

माझी खरी तक्रार साठवणुकीबद्दल आहे. पहिली बाटली फ्रिजमधली होती आणि उत्तम निघाली. नंतरची मात्र दर्शनी काचेजवळच्या फळीवरून उचलून दिली, आणि ती उघडताच जळक्या रबरासारखा उग्र दर्प आला. बाटली हिरव्या काचेची आहे. उजेड लागला की आयसो-आल्फा आम्लांचे तुकडे पडून गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि ते इतके तीव्र असते की त्याचा अत्यल्प अंशही नाकाला कळतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच अंशी अडवते, हिरवी नाही. शिवाय आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिलेल्या बाटलीतला संत्र्यासारखा सुगंध आधी जातो आणि नुसता कडूपणा मागे उरतो. दुकानदाराने कुरकुर न करता बाटली बदलून दिली, हे नमूद करायला हवे; पण फळी तिथेच आहे.

सावजी रश्श्याबरोबर ही बिअर घेऊ नये, तिखट अधिकच झोंबते. भाजलेले शेंगदाणे किंवा बेताच्या तिखटाची पाटवडी चालते. घेताना भरल्याची तारीख पाहावी, बाटली फ्रिजमधलीच मागावी, आणि हीच बिअर डब्यात मिळत असेल तर डबा घ्यावा.