अमेरिका आणि पश्चिम आशिया: आठ व्याख्यानांपैकी पहिली सहा जरूर ऐकावीत

अमेरिका आणि पश्चिम आशिया यांच्या बदलत्या संबंधांवरील आठ ध्वनिमुद्रित व्याख्यानांची एक मालिका मी शुल्क भरून दोन आठवड्यांत ऐकली. पहिल्या दोन भागांतच पैसे वसूल झाले, असे माझे मत आहे.

सुएझ कालव्यातील ग्रेट बिटर सरोवरात १४ फेब्रुवारी १९४५ रोजी 'क्विन्सी' या युद्धनौकेवर अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदी राजे इब्न सौद भेटले, तेव्हा चालताना त्रास होणाऱ्या राजांना रूझवेल्ट यांनी आपल्याजवळची जादा चाकांची खुर्ची भेट दिली, हा प्रसंग व्याख्याते रंगवून सांगतात. पण तेवढ्यावर न थांबता ते त्या भेटीतील पॅलेस्टाइनविषयीच्या आश्वासनाकडे वळतात. अरबांच्या विरोधात जाणारे पाऊल उचलणार नाही, असे रूझवेल्ट यांनी ५ एप्रिलच्या पत्रात लिहूनही दिले, आठवड्याभरात त्यांचे निधन झाले आणि १४ मे १९४८ रोजी त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांनी इस्रायलला घोषणेनंतर अवघ्या ११ मिनिटांत मान्यता दिली.

दुसरा भाग त्याहून सरस आहे. १९५३ मध्ये ब्रिटनच्या साथीने इराणचे पंतप्रधान मोसादेक यांचे सरकार उलथवणारी अमेरिका तीनच वर्षांनी, इजिप्तविरुद्धच्या सुएझच्या युद्धात, त्याच ब्रिटनला सैन्य मागे घ्यायला लावते आणि त्यासाठी बंदूक नव्हे, तर घसरत्या पौंडाला आधार न देण्याचा दबाव वापरते, हा उलटफेर इतक्या स्वच्छपणे मांडलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. अरब देशांची १९७३ ची तेलबंदी, १९७९ ची इराणी क्रांती आणि तेहरानमधील अमेरिकी दूतावासातले ४४४ दिवसांचे ओलीसनाट्य हे भागही नेटके आहेत.

सातव्या भागापासून मात्र घाई जाणवते. २००३ चे इराक युद्ध, इराणशी झालेला २०१५ चा अणुकरार आणि त्यातून अमेरिकेने २०१८ मध्ये घेतलेली माघार एकाच तासात उरकली आहे. २०२३ मध्ये सौदी आणि इराण यांचा समेट बीजिंगमध्ये झाला, याचा अर्थ काय, हा प्रश्न तर जेमतेम विचारला जातो. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणले गेले, त्याचा उल्लेखही नाही; आखातात ज्यांची माणसे आहेत अशा मराठी श्रोत्यांना ही उणीव खटकेल.

सोबत दिलेला नकाशा मोबाइलवर इतका पुसट दिसतो की होर्मुझची सामुद्रधुनी ओळखू येत नाही. संयोजकांना दोनदा लिहूनही उत्तर आले नाही, तेव्हा मी माळ्यावरचा शालेय अ‍ॅटलास खाली काढला.