जुनं जहाज विकायचं: कॅश बायरला की थेट यार्डाला?

आमच्या यवतमाळकडे कापूस विकायचे दोन रस्ते. खेडा खरेदीवाला अंगणात काटा लावतो, मुठीत कापूस दाबून पाहतो अन् लगेच नोटा मोजतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभाव, पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. मोडीत निघालेल्या जहाजाच्या मालकापुढेही असेच दोन रस्ते असतात: जहाज घेऊन पुढे यार्डाला विकणारा मधला व्यापारी, म्हणजे कॅश बायर, नाहीतर थेट जहाज तोडणारा यार्ड.

कॅश बायर बऱ्याचदा जहाज उभं असेल तिथेच रोखीने घेतो. भाव ठरतो रिकाम्या जहाजाच्या वजनावर, टनाला इतके डॉलर. मालक मोकळा. मग अनेकदा नाव बदलतं, कोमोरोस किंवा पलाऊचा झेंडा चढतो आणि जहाज तोडणीसाठी गुजरातेतल्या अलंग, बांगलादेशातल्या चट्टोग्राम नाहीतर पाकिस्तानातल्या गडानीच्या किनाऱ्याला लागतं. मधल्या काळात भाव पडला तर तोटा बायरचा, हे मान्यच. पण ॲस्बेस्टॉस काढताना कामगाराच्या फुप्फुसात धूळ गेली, तर जुना मालक कागदावर कुठेच नसतो. मला हेच खुपतं.

थेट यार्डाशी करार केला तर पैसा सवडीने येतो, पण मालक देखरेखीला आपला माणूस ठेवू शकतो. पेरणीची उधारी अंगावर असलेल्या शेतकऱ्याला थांबता येत नाही. जहाजमालकाला येतं, म्हणून त्याने थेटच विकावं.

२६ जून २०२५ला जहाजतोडणीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार लागू झाला. घातक पदार्थांची यादी आणि प्रत्येक जहाजाचा तोडणी आराखडा त्यात सक्तीचा आहे, मधे बायर असो वा नसो.