व्हीआर हेडसेट आठ महिने वापरून: चित्र झकास, पण हालचालीच्या डेटाचं काय?

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर घालून आभासी जगात फिरवणारं यंत्र, घेऊन आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण मला जे खटकलंय ते या एकाच कंपनीपुरतं नाही. वस्तू म्हणून मस्त आहे, चित्र एकदम स्वच्छ, हातांचं ट्रॅकिंग अचूक, फक्त वजन सगळं पुढे येतं त्यामुळे पाऊण तासाने गालावर वळ उठतात आणि बॅटरी दोन तासांत संपते. हे चालवून घेता येतं.

जे चालवून घेता येत नाही ते सांगतो. हेडसेट घातला की डोकं आणि दोन्ही हात कुठे आहेत, कुठे वळलेत हे सेकंदाला ७२-९० वेळा मोजलं जातं, नाहीतर समोरचं दृश्य आपल्याबरोबर हलणारच नाही. आता कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बीट सेबर हा व्हीआर गेम खेळणाऱ्या ५५ हजारांहून जास्त लोकांचा हाच डेटा घेतला आणि नुसत्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला, १० सेकंदांत पण ७३ टक्के! नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. तुम्ही मान कशी वळवता, हात कसा फिरवता, एवढंच.

हे वाचल्यावर मी सगळी सेटिंग्ज उघडून बसलो. माइक बंद करता येतो, आय ट्रॅकिंग (नजर कुठे आहे ते टिपणं) बंद करता येतं, कुठल्या ॲपला काय द्यायचं ते ठरवता येतं, पण डोक्या-हातांच्या हालचालीसाठी परवानगीचं बटणच नाहीये. आणि माइक बंद केला म्हणून निवांत बसावं तर अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये दाखवलंय की बोलताना चेहऱ्याचे स्नायू आणि हाडं जी किंचित हलतात तेवढं हेडसेटच्या मोशन सेन्सरला पुरतं, त्यावरून बोलणारा कोण, बाई की पुरुष, आणि काही आकडे-शब्द सुद्धा काढता येतात.

पण मी हेडसेट विकून टाकलेला नाही, त्याचं कारण माझी आजी. ती नेहमीच्या रस्त्यावर चुकायला लागली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो वय झालं, आणि अल्झायमर आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. केंब्रिजच्या टीमचा २०१९ चा एक अभ्यास आहे, त्यात हेडसेट घालून माणसाने एका खुणेपासून दुसऱ्या, मग तिसऱ्या खुणेपर्यंत चालायचं आणि मग खूण दिसत नसताना पहिल्या जागी परत यायचं. सौम्य विस्मरण असलेल्यांपैकी ज्यांच्या मणक्यातल्या पाण्यात अल्झायमरच्या खुणा होत्या ते जास्त चुकले, आणि हा फरक नेहमीच्या कागद-पेन्सिलच्या चाचण्यांपेक्षा जास्त चांगला दिसला. आपण कुठून कुठे आलो याचा हिशेब मेंदूच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये चालतो आणि अल्झायमरचं नुकसान तिथे फार लवकर सुरू होतं, म्हणून. आजीच्या वेळी असं काही असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि अडचण तिथेच आहे बघा. डॉक्टरला लागणारी हालचाल आणि एखाद्या फुकट गेमकडे जाणारी हालचाल एकच आहे. उद्या कोणी आजी चुकतेय हे घरच्यांच्या आधी गेमवाल्याला कळलं तर ते तो कोणाला सांगेल?

उपाय नाहीत असं नाही. बर्कलीच्याच टीमने मेटागार्ड नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय, त्यात उंची, हातांची लांबी अशा मापांत मुद्दाम थोडी गडबड मिसळतात, खेळ चालू राहतो पण खरी मापं कळत नाहीत. २०२४ मध्ये ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये व्हिडिओ कॉलवर आपल्या जागी दिसणाऱ्या डिजिटल चेहऱ्याचे, म्हणजे अवताराचे, डोळे बघून समोरचा काय टाइप करतोय ते ओळखता येतं असं संशोधकांनी दाखवलं, तर ॲपलने कीबोर्ड उघडला की अवतार थांबवायची सोय केली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. माझ्या कंपनीला मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा प्रायव्हसी पॉलिसीची लिंक आली.

वस्तूला ५ पैकी ४, प्रायव्हसीला २. आई रोज संध्याकाळी यात समुद्र बघत बसते, तिला फार आवडतं. तिला देताना मी वायफाय बंद करून देतो.