नवी एनव्हीएमई म्हणून जुनी साटा एसएसडी गळ्यात मारली : 4,400 रुपये गेले, हार्ड डिस्कही गेली

आधी हिशोब मांडतो, कारण दुकानदार नंतर प्रत्येकाला वेगळाच आकडा सांगत होता. 512 जीबी एनव्हीएमई एसएसडीचे 3,650 (एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क; तिच्यात एनव्हीएमई हा वेगवान प्रकार, साटा हा हळू). क्लोनिंगचे, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर करण्याचे, 800. फिटिंग, फॅनची सफाई आणि थर्मल पेस्ट मिळून 650. झाले 5,100. त्यातून जुन्या 1 टीबी हार्ड डिस्कचे 'बायबॅक' म्हणून 700 वजा. उरलेले 4,400 यूपीआयने दिले. बदल्यात काय मिळालं, तर कुठल्यातरी ऑफिसच्या लॅपटॉपमधून उपटलेली, 9,214 तास चाललेली एम.टू (पट्टीसारख्या आकाराची) साटा एसएसडी, आणि तिच्यावर नव्या एनव्हीएमईचं खोटं स्टिकर. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. पण पुण्यात जुने गेमिंग लॅपटॉप घेऊन रोज कितीतरी पोरं अशा दुकानांच्या पायऱ्या चढतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

लॅपटॉप 2019 चा, जीटीएक्स 1650 वाला. त्या काळातल्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड चांगलं असायचं आणि विंडोज मात्र 5400 आरपीएमच्या हार्ड डिस्कवर रडत चालायचं. आत एम.टूचा स्लॉट रिकामा असतो. त्यात एसएसडी बसवून विंडोज तिच्यावर घ्यायचं, हार्ड डिस्क गेम साठवायला आहे तिथेच ठेवायची, हा सरळ मार्ग. मी मात्र ती 700 रुपयांत दुकानदाराला देऊन बसलो. चौकशी केली नव्हती असं नाही. टिळक रोडवर भाव विचारले, बुधवार पेठेत विचारले, सगळीकडे साधारण हाच आकडा. फार स्वस्त सांगितलं असतं तर संशय तरी आला असता. हा माणूस बाजारभावानेच विकत होता.

फसवायला जागा नेमकी कुठे मिळते ते बघा. एम.टू हा फक्त आकार आहे. 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब, म्हणून 2280. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही येते. साटा 550 एमबी प्रतिसेकंदाच्या पुढे जाऊच शकत नाही. तिसऱ्या पिढीची चार लेनची (लेन म्हणजे डेटा जायची वाट) एनव्हीएमई 3,500 पर्यंत जाते. लॅपटॉपचा स्लॉट फक्त एनव्हीएमई घेणारा असता तर साटा डिस्क दिसलीच नसती आणि चोरी दुकानातच उघडी पडली असती. या मॉडेलचा स्लॉट दोन्ही घेतो, आणि दुकानदाराला ते माझ्याआधी ठाऊक होतं. त्याने मॉडेल नंबर विचारला, मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि मगच म्हणाला, "साहेब, डोळे झाकून घ्या, एकदम ओरिजिनल माल आहे."

दुसरी गोष्ट याहून वाईट. दीड-दोन मिनिटं घेणारं विंडोज साटा एसएसडीवरही वीसेक सेकंदांत उघडतं. हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला साटा काय आणि एनव्हीएमई काय, दोन्ही विजेसारख्याच वाटतात. गेम लोड व्हायच्या वेळेतही दोघींत फार फरक पडत नाही. फरक कळतो तो 60-70 जीबीचा गेम एका ठिकाणाहून दुसरीकडे कॉपी करताना, आणि तो प्रयोग दुकानाच्या काउंटरवर कोण करतो? 'स्पीड बघा ना साहेब' म्हणत त्याने लॅपटॉप रीस्टार्ट करून दाखवला. त्या रीस्टार्टने काहीही सिद्ध होत नाही. काउंटरवर कुणी रीस्टार्ट करून दाखवत असेल तर समजा, दाखवण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नाही.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. कामाला असलेल्या मुलाने डिस्क बॉक्समधून काढली नाही, ड्रॉवरमधल्या चंदेरी पाकिटातून काढली. बॉक्स मागितल्यावर मालक म्हणाला, "ट्रे पॅक आहे, बल्कमध्ये येतो, म्हणून तर या भावात देतोय." ट्रे पॅक हा प्रकार खरंच असतो, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. मुलाने डिस्क दोन बोटांत धरली, सोनेरी दात असलेली कड माझ्याकडे होती, आणि त्या कडेला दोन खाचा होत्या. चार लेनच्या एनव्हीएमईला एकच खाच असते. दोन खाचा म्हणजे बहुतेक वेळा साटा, क्वचित दोन लेनची हळू एनव्हीएमई. काहीही असो, 3,500 चा वेग सांगून विकलेल्या डिस्कला दोन खाचा असूच शकत नाहीत. एक खाच त्याच्या अंगठ्याआड अर्धी झाकलेली, दुकानात तीन गिऱ्हाइकं, मालक त्याच वेळी कूलिंग पॅड दाखवायला लागलेला. हे सगळं ठरवून असतं. नजर तिथून हटवणं हेच त्यांचं काम, आणि समोरच्याच्या बोटांकडे चोर समजून बघावं लागेल असं कुणाच्या मनात येत नाही. पण त्या दोन खाचा तिथे होत्या, उजेडात, हातभर अंतरावर.

भांडं फुटलं ते पुढच्या महिन्यात. मोठं अपडेट चालू असताना लॅपटॉप बंद पडला आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कच नाही. मागचं झाकण उघडलं तर एसएसडी ज्या एका छोट्या स्क्रूने दाबून बसवायची तो स्क्रूच गायब, त्याजागी पिवळी चिकट टेप. एम.टू डिस्क तीसेक अंशांच्या कोनात सरकवून मग खाली दाबायची असते आणि स्क्रू नसेल तर ती उचलली जाते. हिची हीट पाइपजवळची कड तापून टेपचा चिकटा सुटला होता आणि दात स्लॉटमधून अर्धे बाहेर आले होते. त्याच उष्णतेने वरच्या स्टिकरचा कोपरा वळला होता. नखाने ओढला तर खाली दुसरं लेबल : वेगळी कंपनी, वेगळा सीरियल नंबर आणि स्पष्ट छापलेलं 'साटा 6 जीबी/एस'.

बॅटरीचा कनेक्टर काढून डिस्क नीट बसवली, स्क्रू लावला, विंडोज उठलं. पहिल्यांदा डेटा बाहेर काढला, मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. इंटरफेस सीरियल एटीए (म्हणजेच साटा), ट्रान्सफर मोड साटा/600, पॉवर ऑन अवर्स 9,214, एकूण लेखन 31,480 जीबी, हेल्थ 78 टक्के. महिनाभर वापरलेल्या डिस्कचे हे आकडे नाहीत. लीज संपलेल्या ऑफिस लॅपटॉपमधून असा माल ढिगाने निघतो. तो जुना म्हणून, जुन्याच्या भावात विकायला कुणाचीच ना नाही. हा नवा म्हणून विकला गेला.

क्रिस्टलडिस्कइन्फोची इन्स्टॉल न करावी लागणारी आवृत्ती पेनड्राइव्हवर टाकून दुकानात न्या आणि पैसे देण्याआधी चालवा. त्यात 'एनव्हीएम एक्सप्रेस' (एनव्हीएमईचंच पूर्ण नाव) दिसलं पाहिजे, तास शून्याच्या आसपास असले पाहिजेत आणि मॉडेलचं नाव स्टिकरवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एवढंही जमत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्ज उघडा, नाव तिथेही दिसतं. दुकानदार "सॉफ्टवेअर चालवून वॉरंटी जाते" म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि बाहेर पडा. तासांचे आकडे पुसून शून्य करणारे महाभागही आहेत, म्हणून आकडा स्वच्छ दिसला तरी सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी तपासाच.

दुकानात परत गेल्यावर पहिला प्रश्न, "बिल कुठाय?" त्याने दिलेलं बिल म्हणजे वर 'एस्टिमेट' छापलेला कागद. जीएसटी क्रमांक नाही, सीरियल नंबर नाही, मालाच्या नावापुढे नुसतं 'एसएसडी 512'. पक्कं बिल मागितलं तेव्हा "18 टक्के वर लागतील" म्हणाला होता. हा दम सगळेच देतात आणि सगळेच ऐकून घेतात. आता म्हणतो, "आम्ही एनव्हीएमई म्हणालोच नव्हतो." हार्ड डिस्क परत मागितली तर ती "पुढे गेली". त्या हार्ड डिस्कवर आधार आणि पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं होतं. फॉरमॅट करतो म्हणाला होता. क्विक फॉरमॅटने आतला डेटा पुसला जात नाही, फुकटच्या सॉफ्टवेअरने बराचसा परत येतो. म्हणून सांगतो, 700 रुपयांसाठी हार्ड डिस्क देऊ नका. द्यायचीच असेल तर घरी विंडोजमधल्याच डिस्कपार्ट या कमांडच्या साधनात नीट डिस्क निवडून 'क्लीन ऑल' चालवा. तो प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो. 1 टीबीला काही तास लागतात, लागू द्या.

ज्या कंपनीचं स्टिकर होतं, तिच्या कस्टमर केअरने सीरियल नंबर ऐकून सांगितलं की तो 256 जीबीच्या वेगळ्याच डिस्कचा आहे. म्हणजे स्टिकर बनावट, हे त्यांनीच मान्य केलं. हेच लेखी द्या म्हटलं तर, "विक्रेत्याशी संपर्क साधा." यांच्या नावाने खोटा माल विकला जातोय आणि यांना एक ईमेल पाठवायचा कंटाळा!

पोलीस चौकीत याहून भारी अनुभव. "मालाच्या क्वालिटीचं आहे ना, सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा." बनावट लेबल लावून जुना माल नवा म्हणून विकून पैसे घेणं ही क्वालिटीची तक्रार नाही, ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) त्यासाठीच आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. हे सांगितल्यावर समोरचे साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. पोच मागितली की 'मोठे साहेब राउंडला गेलेत'. चार हजारांची रक्कम त्यांना हसण्यावारी न्यायची वाटते. तोच दुकानदार दिवसाला असे दोन जण गाठत असेल तर वर्षाची रक्कम किती होते, हे कुणी मांडून बघणार आहे का? चौकीने नाकारलं की तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस उपायुक्तांच्या नावे पाठवा. पोस्टाची पावती हीच तुमची पोच. आणि 1930 या हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. तो ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, दुकानात समोरासमोर दिलेल्या यूपीआयला तिथे दाद मिळत नाही.

ग्राहक तक्रारीच्या एका पोर्टलवर नोंद केली. तिथून दुकानाला पत्र गेलं, उत्तर आलं नाही, आणि 'विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तक्रार बंद! प्रतिसाद नाही म्हणूनच तर माणूस तक्रार करतो. कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूने चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जुना माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं आणि मुदत दोन वर्षांची आहे. पुरावा म्हणून यूपीआयचा व्यवहार क्रमांक, एस्टिमेटचा फोटो, दोन्ही लेबलांचे फोटो आणि सॉफ्टवेअरच्या पडद्याचा तारखेसकट फोटो ठेवा. डिस्क वापरात ठेवू नका, तासांचा आकडा वाढत जातो. दुसरी घ्या आणि ही पाकिटात घालून ठेवून द्या.

क्लोनिंगचे 800 ही तर वेगळीच लूट. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलर बनवला की नव्या एसएसडीवर प्रॉडक्ट की न टाकता कोरं विंडोज येतं. इन्स्टॉल करताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर बूटच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या) फाइल्स जुन्या डिस्कच्या ईएफआय या बूटसाठीच्या पार्टिशनमध्येच जाऊन बसतात आणि पुढे हार्ड डिस्क काढली की लॅपटॉप उठत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या कित्येक लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा (डिस्क ओळखायला लागणारा) ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो. दुकानवाले याच अडचणीला 'मदरबोर्ड प्रॉब्लेम' म्हणून पैसे लावतात. क्लोनच करायचं असेल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) बंद करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

लॅपटॉप दुकानात ठेवून येऊ नका. आत जाण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या रॅमच्या पानाचा फोटो काढा, किती जीबी, कुठला वेग, किती स्लॉट वापरात, आणि बाहेर पडताना तेच पान पुन्हा बघा. झाकण बंद व्हायच्या आधी एसएसडीवरचा स्क्रू डोळ्यांनी बघा. बिलावर कंपनीचं नाव, मॉडेल, 'एनव्हीएमई' हा शब्द, सीरियल नंबर आणि 'नवीन' एवढं लिहून घ्या. 18 टक्के द्यावे लागले तरी द्या. 3,650 वर ते 657 रुपये होतात.

गेल्या महिन्याभरात कुठल्याही दुकानातून एसएसडी बसवून आणलेली असेल तर आजच डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'स्टोरेज कंट्रोलर्स'मध्ये 'एनव्हीएम एक्सप्रेस' दिसत नसेल तर इंटेल रॅपिड स्टोरेज चालू आहे का ते बघा, त्यात हे नाव लपतं. ते नसेल आणि स्लॉटमध्ये एनव्हीएमई म्हणूनच डिस्क विकली असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून फोटो काढा आणि दुकानदाराला लेखी कळवा. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला कायद्याने 30 दिवस धरले आहेत. ते 30 दिवस संपायच्या आत पत्र स्पीड पोस्टाने त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर गेलं पाहिजे.