११७८ ची गादी घेण्याआधी सातबारा बघा

'क्रुसेडर किंग्ज ३' या मध्ययुगीन राजघराणं चालवायच्या संगणक-खेळात आधी दोनच सुरुवाती होत्या, म्हणजे डाव मांडायची वर्षं, ८६७ आणि १०६६. सप्टेंबर २०२४ मध्ये 'रोड्स टू पॉवर' हा पॅक, म्हणजे खेळाचा विकतचा विस्तार, आला आणि त्यासोबत ११७८ ही तिसरी सुरुवात मिळाली. इजिप्तचा सुलतान सलादिन, जर्मन सम्राट बार्बारोसा, इंग्लंडचा दुसरा हेन्री, जेरुसलेमचा कुष्ठरोगी बाल्डविन, अजमेरचा पोरसवदा पृथ्वीराज, अशी सगळी मोठी नावं एकाच वर्षात सापडतात. नवा खेळाडू अर्थातच नाव बघून गादी उचलतो आणि वीस-पंचवीस वर्षांत गाशा गुंडाळतो. ११७८ मधल्या बहुतेक मोठ्या गाद्यांचं दुखणं लढाईत नसून वाटणीत आहे. कोल्हापुरात शेत घेताना आपण आधी काय करतो? सातबारा काढतो, इतर हक्कांच्या रकान्यात कुणाकुणाची नावं चढली आहेत ते बघतो. इथेही राजा निवडताना तेच करायचं.

या सुरुवातीचं गणित आधी समजून घ्या. खेळ १४५३ ला संपतो. ८६७ पासून धरलं तर ५८६ वर्षं मिळतात, १०६६ पासून ३८७, आणि ११७८ पासून फक्त २७५, म्हणजे साधारण दहा-बारा पिढ्या. त्या बदल्यात सुधारणा लवकर हाती येतात. हाय मेडिव्हल युग १०५० पासूनच खुलं असतं आणि लेट मेडिव्हल १२०० ला खुलं होतं, म्हणजे बावीस वर्षांवर. थोरल्याला सगळं देणारा प्रायमोजेनिचरचा कायदा याच शेवटच्या युगातल्या सुधारणेतून येतो. ८६७ मध्ये बसलेल्याला त्यासाठी तीनशेहून अधिक वर्षं भाऊबंदकी सोसावी लागते. ११७८ चा खरा फायदा हा आहे. फक्त १२०० उजाडलं म्हणून कायदा हातात पडत नाही. ती सुधारणा तुमच्या संस्कृतीने आत्मसात करावी लागते, आणि संस्कृतीचा मुख्य दुसराच कुणी असेल तर पुढे काय शिकायचं ते तो ठरवतो. त्यामुळे पहिल्या दोन राजांच्या कारकीर्दी तरी वाटणीच्या कायद्यातच, म्हणजे मुलूख मुलांत वाटला जाण्यातच, जाणार हे धरून चाला.

आता गाद्यांकडे वळू. बाल्डविन चौथा जेरुसलेमचा राजा, वय सतरा, आणि अंगात कुष्ठ. नोव्हेंबर ११७७ मध्ये त्याने माँटगिसार्डला सलादिनाला हरवलं होतं, त्यामुळे नाव तळपतं आहे. पण लेपर हा गुण तब्येत आणि संततीची शक्यता दोन्ही खातो. गादी बहिणीकडे, सिबिलाकडे सरकणार. ती नुकती विधवा झालेली आणि पोटी तान्हं पोर, तेही बाल्डविनच. खेळातला सर्वांत मोठा खड्डा नेमका इथे आहे. वारस तुमच्या वंशाचा नसेल तर तुम्ही ज्याला चालवता त्याच्या मरणाबरोबर डाव संपतो. ते पोर बापाच्या, माँटफेराटच्या घराण्याचं. सिबिला गादीवर आली तोवर ठीक, तिच्यानंतर गादी त्या पोराकडे गेली की गेम ओव्हर. सुरुवातीलाच स्पेसबार दाबून खेळ थांबवा, पोराच्या पानावर जाऊन घराणं वाचा, आणि सिबिलाचं दुसरं लग्न मॅट्रिलिनिअल ठरवा, म्हणजे पुढची मुलं आईच्या वंशात धरली जातील. प्रतिष्ठित वर अशा लग्नाला नाकं मुरडतात, म्हणून घरजावई म्हणून नांदायला तयार असलेला, थोरलं काही वारशात न येणारा धाकटा मुलगा शोधावा. इतिहासात ११८० मध्ये गी द लुसिन्यानशी तिचं लग्न झालं आणि ११८७ ला हत्तीनच्या लढाईत सगळं गेलं. खेळात निदान सोयरीक तरी तुमच्या हाती असते.

हेन्री दुसऱ्याच्या घरात वेगळंच रामायण. वय पंचेचाळीस, चार मुलगे, आणि ११७३-७४ मध्ये त्यातल्या तिघांनी आईला सोबत घेऊन बापाविरुद्ध बंड केलेलं. मुलूख स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीजपर्यंत. कागदावर सर्वांत दांडगा राजा, खेळायला सर्वांत किचकट. मुलांना जमीन दिली की ते मांडलिक होतात, आणि नाराज मांडलिक गट बांधतात. ज्याच्यावर तुमच्याकडे हूक आहे, म्हणजे त्याचं काही गुपित किंवा उपकार तुमच्या खिशात आहे, तो तुमच्याविरुद्धच्या गटात जात नाही. म्हणून हेराला, स्पायमास्टरला, पहिल्या महिन्यापासून गुपितं शोधायला आपल्याच दरबारात बसवा. दुसरा उपाय दराऱ्याचा. ड्रेड पुरेसा असला की भित्र्या स्वभावाचे मांडलिक गप्प राहतात. पण ड्रेड राजाबरोबर मरतो, पुढच्याला तो शून्यातून कमवावा लागतो, आणि नव्या राजाला 'अल्प कारकीर्द' म्हणून मांडलिकांच्या मताची वजावट वेगळीच बसते.

बार्बारोसा आणि सलादिन यांच्याविषयी थोडक्यात. पवित्र रोमन साम्राज्यात गादी मतदानाने ठरते, म्हणून बार्बारोसाने मुलाच्या नावाने मतदारांना खूश ठेवत राहायचं, बाकी तो नवख्याला सोपा. सलादिनाकडे क्लॅन, म्हणजे घराण्याच्या बळावर चालणारी, राज्यपद्धत आहे. तिथे घराण्याची एकी हा आकडा सतत बघावा लागतो, कारण त्यावर बरंच काही फिरतं. भरमसाठ मुलं आणि वाटणीचा कायदा असल्यामुळे ११९३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर राज्य जसं भावाभावांत विभागलं तसंच खेळातही सहज होतं.

कॉन्स्टँटिनोपलचा मॅन्युएल कोम्नेनोस मात्र सवडीने खेळावा असा आहे. साठीला टेकलेला, ११७६ ला मिरिओकेफालोनच्या लढाईत मार खाल्लेला, वारस नऊ वर्षांचा अलेक्सिओस. 'रोड्स टू पॉवर' घेतला असेल तर इथे प्रशासकीय राज्यपद्धत चालते. गादी बापाकडून पोराकडे आपोआप जात नाही, इन्फ्लुअन्स हे वेगळं चलन खर्चून आपला उमेदवार पुढे सरकवावा लागतो. नऊ वर्षांच्या पोरावर सगळा इन्फ्लुअन्स उधळणं ही हमखास होणारी चूक. त्याऐवजी घराण्यातला एखादा कर्ता पुरुष पुढे करा. गादी हुकली तरी डाव संपत नाही, घराण्याचा वाडा राहतो आणि पुढच्या फेरीला पुन्हा उभं राहता येतं. तालमीत एक कुस्ती पडली म्हणून कुणी लंगोट खुंटीला टांगत नाही.

भारतात ११७८ हे वर्ष फार गमतीचं आहे. गुजरातेत चालुक्यांनी आबूच्या परिसरात कासहृदाला घोरच्या मुइझुद्दीनला, म्हणजे मुहम्मद घोरीला, याच वर्षी पळवून लावलं. अजमेरला पृथ्वीराज जेमतेम बारा वर्षांचा, कारभार आई कर्पूरदेवीच्या हाती. म्हणजे खेळात रीजन्सी, राज्य कारभाऱ्याच्या हातून चालवायचं. रीजन्सीत सत्तेचा तराजू असतो. पारडं रीजंटकडे झुकत गेलं तर तो तुमच्या नावाने नको ते उद्योग करतो, आणि फारच झुकलं तर गादीच बळकावायला बघतो. पोर सज्ञान होईपर्यंत मोठं युद्ध काढू नका, तराजू आपल्याकडे ओढणारे निर्णय मिळतील तेवढे घ्या आणि आईला दुखवू नका.

आणि आता आपला भाग. इथे परीक्षण जरा लांबवतो, कारण ११७८ ची सर्वांत चवदार सुरुवात दख्खनमध्ये आहे असं आमचं मत आहे. कल्याणीच्या चालुक्यांची गादी कलचुरी बिज्जळाने बळकावून वीसेक वर्षं झालेली. ११७८ ला तिथे त्याचा मुलगा संकम, आणि ११८३-८४ च्या सुमारास चालुक्य सोमेश्वर चौथा परत येणार. दक्षिणेला होयसळ वीर बल्लाळ दुसरा ११७३ पासून चढत्या कमानीवर. उत्तरेला यादवांचा पाचवा भिल्लम जम बसवत होता, ११८७ मध्ये तो स्वातंत्र्य जाहीर करणार. पूर्वेला काकतीय रुद्रदेव. आणि या सगळ्यांच्या मधोमध पन्हाळ्यावर शिलाहार भोज दुसरा, ११७५ च्या सुमारास सत्तेवर आलेला, अंबाबाईचा वरप्रसाद लाभल्याचं बिरुद मिरवणारं घराणं. वरचा सम्राट डळमळीत, शेजारी वाढते, आणि मुलूख घाटमाथ्याचा. स्ट्रॅटेजी खेळाला याहून चांगली मांडणी हवी कशाला? खेळातली नावं आणि हद्दी शिलालेखांशी ओळीने ओळ जुळतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

सुरुवातीच्या पडद्यावर ठळक चेहऱ्यांची यादी असते. तिच्यात न अडकता कुठलाही शासक निवडायचा पर्याय घ्या आणि नकाशा पश्चिम घाटावर आणून रत्नागिरी ते गोव्याच्या वरच्या अंगाला थांबा. क्लिक केल्यावर चार गोष्टी वाचा: वरचा धनी कोण, वारसाचा कायदा कोणता, वारसाचं वय किती, धर्म कोणता. धर्माचं विशेष महत्त्व आहे. हिंदू पंथांबरोबर जैनांचे दिगंबर, श्वेतांबर आणि यापनीय असे तीन पंथ खेळात आहेत. यापनीय पंथ दख्खन आणि कर्नाटकातच रुजलेला होता, त्यामुळे तो खेळात बघून बरं वाटतं. शेजाऱ्याचा पंथ वेगळा असेल तर युद्धाची कारणं आणि लग्नाची मतं दोन्ही बदलतात.

पहिली दहा वर्षं अशी काढावीत. राजपुरोहिताला शेजारच्या एका परगण्यावर दावा तयार करायला बसवा, हे काम चालू असताना त्याला हलवू नका. दिवाणाला करवसुलीवर ठेवा, सेनापतीला सैन्याच्या तयारीवर. मुलामुलींची लग्नं सैन्य बघून ठरवा, आणि होयसळ किंवा यादव यांच्यापैकी एकाशीच सोयरीक करा. दोघांशी केली तर ते एकमेकांत भिडतील तेव्हा दोन्हीकडून बोलावणं येतं, आणि एकाला नाही म्हणताना प्रतिष्ठा जाते. युद्ध पुकारण्याच्या चौकटीत शत्रूचे सोबतीसुद्धा दाखवलेले असतात. ते न मोजता पुकारणं हे नवख्याच्या पराभवाचं पहिलं कारण.

कायमच्या फौजेत घाटावर भालाईत, म्हणजे पाइकमेन, पोसा. डोंगर-टेकड्यांवर त्यांना फायदा मिळतो आणि घोडदळाला ते आवरतात. जड घोडदळ टेकड्यांवर उलट कमी पडतं. हत्ती दिसायला नाद खुळा, पण लहान संस्थानाच्या तिजोरीला परवडत नाहीत. नाणं उणे गेलं की फौज लंगडते. एक तुकडी वेढ्याच्या यंत्रांची हवीच, नाहीतर एकेका गढीपुढे वर्ष जातं. फौज उभी केली की पगार वाढतो, म्हणून काम संपल्याबरोबर मोडा. आणि जंगली प्रदेशात सगळी फौज एका ठिकाणी कोंबू नका. रसदमर्यादा ओलांडली की न लढता माणसं गळतात.

तुम्ही कुणाचे मांडलिक असाल तर स्वातंत्र्याचा गट धनी जिवंत आणि जोरात असताना उभारू नका. तो मेल्यावर नव्याच्या पहिल्या दोन वर्षांत उभारा. ती 'अल्प कारकीर्दी'ची वजावट इथे तुमच्या बाजूने काम करते.

वाटणीचा तिढा इथेही आहेच. समान दर्जाची दोन राज्यपदं एका माणसाकडे असतील तर त्याच्या पश्चात दुसरं धाकट्याला जातं आणि तो स्वतंत्र होऊन बसतो. त्यामुळे पहिलं राज्य मिळाल्यावर दुसरं निर्माण करायची घाई करू नका. राज्यपद करायला त्या राज्याचे निम्म्याहून अधिक परगणे आणि मूळ दराने ५०० सोनं लागतं. पैसे आहेत म्हणून लगेच बटण दाबणारे पुढच्या पिढीत रडतात. राजधानीचा परगणा थोरल्यालाच मिळतो, म्हणून चांगल्या इमारती तिथेच बांधा. धाकट्यांसाठी जिवंतपणीच दूरचे, नव्याने जिंकलेले परगणे काढून द्या, म्हणजे मूळ मुलखाला हात लागत नाही. वंशातून बेदखल करायचा मार्गही आहे, पण त्याला घराण्याचं रिनाउन, म्हणजे साठवलेली कीर्ती, लागतं आणि ते फार हळू साठतं.

तक्रारी दोन. दख्खनच्या वाट्याला प्रसंग आणि खास निर्णय फार थोडे आले आहेत. युरोपात दर चार महिन्यांनी काही घडतं, इथे तोच तो मेजवानीचा मजकूर. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ऑल अंडर हेवन' ने चीन, जपान, आग्नेय आशिया नकाशात आणल्यापासून जुन्या लॅपटॉपचा उशिराच्या काळात दम निघतो. ग्राफिक्स कमी करा आणि गती पाचवर न ठेवता तीनवर ठेवा. खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही. पण प्रत्येक शब्दावर माउस ठेवला की चौकट उघडते आणि चौकटीतल्या शब्दावरही ठेवता येतो, त्यामुळे इंग्रजी जेमतेम असली तरी निभावतं.

पॅक सगळे घेऊ नका. दख्खनसाठी मूळ खेळ पुरे. कॉन्स्टँटिनोपल किंवा बिनजमिनीचा भटका सरदार खेळायचा असेल तरच 'रोड्स टू पॉवर', आणि तोही सवलतीच्या दिवसांत. आयर्नमॅनमध्ये मागच्या सेव्हवर परतता येत नाही, म्हणून वाटणीचे नियम एकदा अंगवळणी पडेपर्यंत साध्या सेव्हवरच खेळा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा ऑटोसेव्हचा कालावधीही कमी करून ठेवा. भोजाने खेळत असाल तर १२१२ च्या सुमारास यादवांच्या दिशेने नजर ठेवा. इतिहासात तेव्हा सिंघणाने त्याचं राज्य घेतलं, आणि त्याच सिंघणाचा शके ११३६ चा दानलेख आजही खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरापाशी वाचायला मिळतो.