ब्रायटन की स्टडलंड? कपडे न घालता समुद्रात जायचं तर कुठे

लंडनहून निघणार असाल आणि गाडी नसेल तर ब्रायटन सोपं, व्हिक्टोरियावरून तासाभरात ट्रेन, मग मरीनाच्या, म्हणजे बोटींच्या बंदराच्या, दिशेने किनाऱ्याने चालत राहायचं, बोर्ड दिसतो. १९८० साली तिथल्या कौन्सिलने (नगरपालिकेने) हा पट्टा कपड्यांविना वावरायला अधिकृत केला तेव्हा गावात बराच गदारोळ झालेला म्हणे. रस्ता अगदी जवळ आहे पण मध्ये गोट्यांचा उंच बांध घातलाय म्हणून वरून फारसं दिसत नाही. पण वाळू नाहीच हो! नुसते गोटे, अनवाणी चाललात तर आई आठवते, आणि पाणी दोन पावलांत खोल. रबरी चपला घ्याच.

स्टडलंड, डॉर्सेटमधलं, वेगळंच प्रकरण. नॅशनल ट्रस्ट या वारसा-निसर्ग जपणाऱ्या संस्थेची जागा, खरी मऊ वाळू, मागे वाळूच्या टेकड्या, पाणी उथळ, आणि जवळजवळ एक किलोमीटरचा पट्टा खुणेचे खांब लावून राखलेला. बोर्नमथहून बस येते ती साखळीच्या आधाराने सरकणाऱ्या फेरीबोटीत चढूनच खाडी ओलांडते, ते बघायलाच मजा. स्टडलंडच्याच नॉल बीचपासून या पट्ट्यापर्यंत मात्र वाळूतून बरंच चालायचंय, पाणी-खाणं सोबत हवं.

कायद्याचं टेन्शन नको, इंग्लंडमध्ये नुसतं नागडं असणं गुन्हा नाही, कुणाला त्रास द्यायचा हेतू असेल तर गुन्हा. फोटो मात्र कुठेच काढू नका.

मी विचाराल तर स्टडलंड. ब्रायटन फक्त अर्धाच दिवस हातात असेल तर.